उठावदार फुलांचे क्रोशे चौकोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न क्रोशाच्या वर्गात येतात, हळदीकुंकवाला येतात, लग्नघरी रुखवत मांडताना येतात आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसकट येतात. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "ताई, हे असं का झालं?" तेच ते उत्तर परत परत टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेत. घाईत असाल तर ५ आणि ९ आधी वाचा, बहुतेक तक्रारींचं मूळ तिथंच सापडतं.

१. साधा ग्रॅनी स्क्वेअर आणि हा फुलाचा चौकोन, यात फरक काय?

ग्रॅनी स्क्वेअर मध्यापासून सुरू होतो आणि फेऱ्याफेऱ्यांनी बाहेर वाढतो. साध्या प्रकारात तीन-तीन खांबांचे गुच्छ आणि त्यांच्यामध्ये जागा, एवढंच असतं. म्हणून तो सपाट राहतो. उठावदार चौकोनात आतल्या दोन-तीन फेऱ्यांत फूल येतं आणि ते विणीच्या वर उभं राहतं; डोळे मिटून हात फिरवला तरी बोटाला लागतं. बाहेरच्या फेऱ्या दोन्हींत जवळपास सारख्याच.

साध्या चौकोनाची छापील कृती १८८५ साली अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या पत्रात आली होती. उरल्यासुरल्या लोकरीला कामाला लावायची ही युक्ती आपल्या वाकळीच्या कुळातलीच आहे.

२. मी पहिल्यांदाच करतेय. आधी काय काय यायला पाहिजे?

साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब. खांबासाठी सुईवर एक वेढा घ्यायचा, टाक्यातून दोरा ओढायचा आणि दोन-दोन फास करून दोनदा सोडवायचे. अर्ध्या खांबात वेढा तोच, पण तीनही फास एकदम सोडवायचे. मुक्या खांबाला वेढाच नाही. दुहेरी खांबाला दोन वेढे. काही घरांत नुसत्या सरकत्या टाक्यालाही मुका खांब म्हणतात; इथं सरकत्या टाक्याला (टाक्यातून ओढलेला दोरा सुईवरच्या फासातूनही सरळ ओढून घ्यायचा) स्लिप स्टिच म्हटलंय, म्हणजे घोळ नको.

मॅजिक रिंग, म्हणजे सुरुवातीचा ओढून आवळता येणारा दोऱ्याचा गोल फास, जमत नसेल तर ४ साखळ्या घालून गोल जोडा आणि पुढं चला. मध्ये बारीक भोक राहील. नंतर दोऱ्याचं टोक त्यातून गोल फिरवून ओढलं की ते बुजतं. रिंग जमेपर्यंत थांबून राहायचं काही कारण नाही.

३. लोकर घ्यावी की कॉटनचा दोरा?

आपल्याकडं वर्षातले दोन-अडीच महिने सोडले तर अंगावर लोकर कोण घेतं? बाळाचं झबलं, पलंगपोस, कुशन, ताटावरचा रुमाल, यातलं काहीही कातडीला लागणार असेल तर कॉटन घ्या. भिंतीवरचं, दारावरचं, गाडीतलं किंवा रोज ओढाताण होणारं असेल तर अ‍ॅक्रिलिक चालतं. ते स्वस्त पडतं, रंग खूप मिळतात आणि लवकर वाळतं. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारे गुंडे बहुधा अ‍ॅक्रिलिकचेच असतात, लेबल वाचा.

फुलाच्या उठावाचा विचार केला तर मर्सराइज्ड कॉटन सगळ्यांत चांगलं. त्याला पीळ असतो, तंतू सुटत नाहीत आणि पाकळीची कड स्पष्ट दिसते. मऊ, केसाळ लोकरीत पॉपकॉर्नचा (पाकळीच्या फुगीर टाक्याचा, कृती ५ मध्ये) नुसता गोळा दिसतो. गंमत म्हणजे कापूस परभणी-जालन्याच्या शिवारात आणि विणायचे गुंडे मात्र लुधियानाचे. लातुरात गंजगोलाईच्या आसपास, संभाजीनगरात गुलमंडीकडं, नांदेडात वजिराबादमध्ये लेस-बटणांच्या दुकानांत विचारून पाहा. एकाच लॉटचा दोरा मात्र एकदमच घ्या. लेबलवर लॉट नंबर असतो. तोच रंग पुढच्या महिन्यात आणला तर एक छटा इकडंतिकडं होतेच आणि पलंगपोसावर ती लगेच दिसते.

४. सुई किती नंबरची?

नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर विचारा. बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या सुईत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अक्षरांच्या मापात अक्षर पुढं गेलं की सुई जाड होते. त्यामुळे 'सहा नंबर द्या' म्हणून दुकानातून काहीही हातात येऊ शकतं.

८ प्लायच्या दोऱ्याला ४ मि.मी., ४ प्लायला ३ मि.मी.च्या आसपास, रुमालाच्या बारीक क्रोशे दोऱ्याला १.२५ ते १.७५ मि.मी. उठावदार फुलासाठी लेबलवरच्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक सुई घेऊन पाहा. वीण घट्ट आली की पाकळी उभी राहते. आणि प्लाय म्हणजे पदर. दोन कंपन्यांचे ८ प्लाय जाडीला सारखे असतीलच असं नाही, म्हणून एका कामात कंपन्यांची सरमिसळ टाळलेली बरी.

५. एका चौकोनाची पूर्ण कृती द्या ना, सरळ सरळ.

पॉपकॉर्नच्या आठ पाकळ्यांचा हा चौकोन सगळ्यात आधी करावा. दोन रंग घ्या, फुलाचा एक आणि पाठीचा, म्हणजे फुलाभोवतीच्या विणीचा, एक.

पहिली फेरी: मॅजिक रिंगमध्ये ८ मुके खांब. स्लिप स्टिचने जोडा, रिंग ओढून घट्ट करा.

दुसरी फेरी: प्रत्येक मुक्या खांबात एक पॉपकॉर्न आणि त्यानंतर २ साखळ्या. पॉपकॉर्न असा: एकाच टाक्यात ५ खांब घाला. सुई फासातून काढा. पहिल्या खांबाच्या डोक्यात समोरून मागे घाला, सुटा ठेवलेला फास धरून ओढून घ्या आणि वर एक साखळी घालून कुलूप लावा. ही कुलपाची साखळी मधल्या दोनांत धरायची नाही. फेरीच्या शेवटी ८ पॉपकॉर्न आणि त्यांच्यामधल्या साखळ्यांच्या ८ जागा मोजा. फुलाचा दोरा कापा.

तिसरी फेरी: पाठीचा रंग कुठल्याही एका जागेत जोडा. त्या जागेत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, हा कोपरा. पुढच्या जागेत नुसते ३ खांब. त्याच्या पुढं परत कोपरा. एक आड एक. शेवटी प्रत्येक बाजूला ९ खांब दिसले पाहिजेत.

चौथी फेरी: खांबावर खांब, कोपऱ्याच्या जागेत २ खांब, २ साखळ्या, २ खांब. बाजूला १३.

पाचवी फेरी: तसंच. बाजूला १७.

सहावी फेरी: सगळीकडं मुके खांब, कोपऱ्यात ३.

फेरीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या एक खांब म्हणून मोजल्यात. मोठा चौकोन हवा असेल तर पाचवीसारख्या फेऱ्या वाढवत जा, दर फेरीला प्रत्येक बाजूचे ४ खांब वाढतात. ८ प्लाय आणि ४ मि.मी. सुईवर हा चौकोन साधारण १० ते १२ सें.मी. भरतो, हाताप्रमाणे थोडा इकडंतिकडं.

६. ताई, फूल वर येईनाच गेलंय. सगळा फुगा मागच्या बाजूला. काय करावं?

सुई उलटी गेली. पहिल्या खांबात सुई समोरून मागे घातली तर पॉपकॉर्न तुमच्याकडं फुगतो, मागून पुढं घातली तर पलीकडं. आठपैकी दोन-तीनच मागे गेले असतील तर उसवू नका. सुईच्या मागच्या बोथट टोकानं ढकलून पुढं काढा, पुढची फेरी बसली की बहुतेक तिथंच राहतात. सगळेच मागे असतील तर तीच सरळ बाजू समजून पुढं चालू ठेवा, कुणाला कळणार नाही.

चौकोन तिरका होऊ नये म्हणून काहीजणी दर फेरीला काम उलटवतात. तसं करत असाल तर उलट बाजूनं येणाऱ्या फेरीत सुई मागून पुढं घालायची, म्हणजे उठाव सरळ बाजूलाच येतो. तिरकेपणाबद्दल १४ मध्ये लिहिलंय.

७. पॉपकॉर्न, पफ, बॉबल. तिन्ही सारखेच दिसतात की!

फोटोत सारखे दिसतात. हातात घेतले की फरक कळतो. पॉपकॉर्नमध्ये पूर्ण खांब करून मग ते एकत्र बांधतात, त्यामुळे तो पोकळ, टणक आणि सगळ्यात उंच. बॉबलमध्ये प्रत्येक खांबाचा शेवटचा फास सुईवरच ठेवून शेवटी सगळे एकदम सोडवतात. तो बुटका असतो आणि आपसूक मागच्या बाजूला फुगतो, म्हणून बोटानं पुढं काढावा लागतो. पफमध्ये खांबच नाहीत. वेढा घेऊन लांब फास ओढायचा, असं तीन-चारदा करून सगळे फास एकदम बंद करायचे. तो मऊ, गुबगुबीत होतो.

बाळाच्या वस्तूला पफ. कुशनला, तोरणाला पॉपकॉर्न. बॉबल मला फारसा आवडत नाही, पण दोरा जपून वापरायचा असेल तर तो कामाचा आहे. पॉपकॉर्न दोरा भरपूर खातो.

८. प्रत्येक फुलात पहिली पाकळी बारीकच येते. का?

कारण पहिल्या पॉपकॉर्नमध्ये एका खांबाच्या जागी ३ साखळ्या असतात आणि साखळी खांबापेक्षा सडपातळ दिसते. त्या ३ साखळ्या मोजूच नका. २ साखळ्या घालून उंची घ्या आणि त्याच टाक्यात पूर्ण ५ खांब करून बांधा. साखळ्या पाठीमागं दबून जातात.

९. चौकोनाची वाटी होते. नाहीतर झालर पडते. सपाट काही होत नाही.

फूल कसं दिसतं ते फुलात ठरत नाही, फुलानंतरच्या फेरीत ठरतं. फूल वर उठलं की खाली जागा मागतं, आणि ती जागा तिसऱ्या फेरीनं द्यायची असते.

वाटी झाली म्हणजे जागा कमी पडली. पॉपकॉर्नमधल्या साखळ्या घट्ट आल्यात का, २ ऐवजी १ च घातलीये का, तिसऱ्या फेरीत एखादी जागा सुटलीये का, हे बघा. हात घट्टच असेल तर २ ऐवजी ३ साखळ्या घाला, सुई बदलू नका. सुई बदलली तर फूलही ढिलं पडतं.

झालर पडली म्हणजे जागा जास्त झाली. याचं नेहमीचं कारण एकच: आठही जागांत कोपरा करणं. एक आड एक लक्षात राहिलं नाही की चौकोनाऐवजी आठ कोपऱ्यांची लाट तयार होते.

तपासायचं असं: तिसरी फेरी झाली की काम फरशीवर उताणं ठेवा आणि हात काढून घ्या. फूल स्वतः थोडं उचललेलं राहील, ते राहू द्या. कडा फरशीला लागल्या पाहिजेत. कडा उचलल्या असतील तर इथंच उसवा. पाचव्या फेरीनंतर ओढून-ताणून, इस्त्री करून ते बसत नाही. पाण्यात भिजवून टाचण्या लावल्या तर तेवढ्यापुरतं बसतं आणि पहिल्या धुण्यात परत येतं.

१०. दोन थरांचं फूल कसं करतात? खालच्या पाकळ्या वरच्यांच्या मागं कशा जातात?

पाकळ्या मागं जात नाहीत. आपण त्यांच्या मागं साखळ्यांची नवी कमान बांधतो आणि दुसरा थर त्या कमानीवर बसतो.

रिंगमध्ये १६ खांब करा. पुढच्या फेरीत एका खांबात मुका खांब, ३ साखळ्या, एक खांब सोडा, असं आठदा. आठ कमानी झाल्या. प्रत्येक कमानीत एक पाकळी: मुका, अर्धा, ३ खांब, अर्धा, मुका. आता सगळ्या पाकळ्या अंगठ्यानं स्वतःकडं वाकवून धरा. त्यांच्या मागं, कमानी जिथून निघाल्या त्या मुक्या खांबाच्या देठाला (उभ्या भागाला) मागून वळसा घालून मुका खांब करा, मग ४ साखळ्या. परत आठदा. या नव्या कमानींत मोठ्या पाकळ्या, खांब ३ ऐवजी ५. त्यांच्याही मागं ५-५ साखळ्यांच्या कमानी बांधा आणि तिथून चौकोन सुरू करा: एका कमानीत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, पुढच्या कमानीत ५ खांब. बाजूला ११ होतील. पुढची वाढ ५ मधल्या चौथ्या फेरीसारखीच.

देठाला वळसा घालायचा तो टाका पहिल्यांदा सापडत नाही. काम उलटं करून बघा, मागून तो सरळ दिसतो.

११. मला पाच पाकळ्यांचं फूल हवंय. सहाचं पण आवडतं. चौकोनात कसं बसवू?

आठ पाकळ्या चारानं भागल्या जातात, म्हणून सोपं पडतं. पाच-सहाला मध्ये एक साधी गोल फेरी लागते.

सहा पाकळ्या: पाकळ्यांमागच्या ६ कमानींत (१० बघा) प्रत्येकी ६ खांब. ३६ झाले, म्हणजे एका बाजूला ९. पुढच्या फेरीत गोलाचा चौकोन करायचा. एका टाक्यात २ दुहेरी खांब, २ साखळ्या, २ दुहेरी खांब, हा कोपरा. मग पुढच्या आठ टाक्यांत क्रमानं खांब, अर्धा खांब, ४ मुके, अर्धा खांब, खांब. परत कोपरा. चारदा. उंच टाके कोपरा ओढून धरतात, मुके बाजू सपाट करतात.

पाच पाकळ्या: मोठं फूल असेल तर ५ कमानींत ८-८ खांब. ४० झाले, बाजूला १०. कोपऱ्यांमधल्या नऊ टाक्यांत ४ ऐवजी ५ मुके.

एक गोष्ट आधीच ठरवा: पाकळी कुणीकडं. कोपरे आणि पाकळ्या जुळत नसल्यामुळे प्रत्येक चौकोनात पहिला कोपरा त्याच जागी घ्यावा लागतो, नाहीतर जोडल्यावर फुलं वेडीवाकडी मान वळवून बसलेली दिसतात.

खटाटोप आहे, पण कपाशीचं फूल करायचं असेल तर पाचच पाकळ्या हव्यात. अंबाडीचं, भेंडीचंही तसंच: फिकट पिवळ्या पाच पाकळ्या आणि मध्यात गडद तांबडा ठिपका.

१२. यूट्यूबवर बघून केलं तर चौकोन अर्धाच भरला. कृती चुकीची होती का?

बहुधा कृती अमेरिकन होती आणि तुम्ही ब्रिटिश समजून केली; उलटं झालं असतं तर चौकोन मोठा आला असता. आपला खांब म्हणजे अमेरिकन डबल क्रोशे, त्यालाच ब्रिटिश कृतीत ट्रेबल म्हणतात. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. कृतीत कुठंही 'सिंगल क्रोशे' आलं तर ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही. चिन्हांचा तक्ता मिळाला तर हा प्रश्नच येत नाही: इंग्रजी टी अक्षरावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे दुहेरी, रेघ नसेल तर अर्धा.

१३. रंग कसे घ्यावेत? माझं फूल पाठीत विरून जातं.

उठाव दिसतो तो सावलीमुळे, आणि गडद रंगावर सावली दिसत नाही. फुलाला फिकट किंवा मध्यम रंग, पाठीला गडद. काळ्या, नेव्ही ब्लू, गडद वांगी रंगात पॉपकॉर्न करू नका. मेहनत वाया जाते आणि रात्री विजेच्या उजेडात टाकेही दिसत नाहीत. रंगीबेरंगी छटांचा दोरा साध्या ग्रॅनीला शोभतो. फुलात तो डोळ्यांना गोंधळवतो.

जोड्या शोधायला शिवारात बघा. करडईचं फूल पिवळं उमलतं आणि सुकताना केशरी-तांबडं होतं. आत पिवळा, बाहेर केशरी, पाठीला हिरवट करडा. सरकी-कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधी असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. एका पलंगपोसात काही चौकोन दुधी, काही गुलाबी घेतले तर फार सुंदर दिसतं. पैठणीची जोडी तर घरात असतेच: अंग एका रंगाचं, काठ-पदर दुसऱ्या. अंगाचा रंग पाठीला घ्या, काठाचा किनारीला आणि जरीच्या जागी फुलाला मोहरीपिवळा.

१४. बचत गटात आम्ही सगळ्या मिळून करतोय. प्रत्येकीचा चौकोन वेगळ्या मापाचा. एकीचे तर तिरकेही येतात.

एकच सुई सगळ्यांना वाटली म्हणून माप एक येत नाही, हात वेगळे असतात. उलटं करा. माप ठरवा, पुठ्ठ्याचा चौकोन कापून प्रत्येकीला द्या, आणि त्या पुठ्ठ्यावर बसेल अशी सुई जिनं तिनं शोधावी. कुणाला ३.५ लागेल, कुणाला ४.५. एक आणखी सोय आहे: फुलं आणि आतल्या फेऱ्या सगळ्यांनी करायच्या, शेवटच्या दोन फेऱ्या एका-दोघींनीच. जोडणाऱ्या कडा एका हाताच्या असल्या की आतला फरक खपून जातो.

तयार चौकोनांत अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचा फरक असेल तर भिजवून, टाचण्या लावून, वाळवून निघतो. त्याहून लहान असेल तर मुक्या खांबांची एक फेरी वाढवा. मोठा असेल तर शेवटची फेरी उसवून बारीक सुईनं करा.

तिरकेपणा मात्र मापाचा दोष नाही. एकाच दिशेनं गोल विणत गेलं की खांब खालच्या टाक्याच्या जरा बाजूला बसतो आणि फेरीगणिक चौकोन पिळतो. दर फेरीला काम उलटवलं की सरळ येतो. फक्त फुलाची फेरी सांभाळायची (६ बघा).

१५. चौकोन जोडायचे कसे? शिवू का विणू?

सपाट हवं असेल तर बोथट सुईनं, दोन्ही कडांचे फक्त मागचे फास धरून शिवा. धावतं काम हवं असेल तर मुक्या खांबांनी जोडा. त्यानं उभी रेघ येते. उठावदार फुलांबरोबर ती शोभते, पण पाठीखाली टोचते, म्हणून पलंगपोसाला नको. आधी सगळ्या आडव्या ओळी जोडा, मग सगळ्या उभ्या. एकेक चौकोन चारी बाजूंनी चिकटवत गेलात तर चार कोपऱ्यांच्या भेटीत भोक पडतं.

१६. पलंगपोसाला किती दोरा लागेल?

अंदाज विचारू नका, वजन करा. दहा चौकोन पूर्ण करा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. समजा १४० ग्रॅम भरले, म्हणजे एकाला १४. एकेरी पलंगाला १२ सें.मी.चे १२ आडवे, १७ उभे असे २०४ चौकोन लागतात. २०४ × १४ म्हणजे २,८५६ ग्रॅम. जोड आणि किनारीला पंधरा टक्के धरा, सव्वातीन किलोच्या वर जातं. हा आकडा बघून बऱ्याच जणी कुशनवर येतात. ४० सें.मी.च्या कुशनला १० सें.मी.चे १६ चौकोन पुढून, मागून कापड. सुरुवातीला तेवढंच करावं हे माझं मत.

१७. रुखवतात ठेवायला तोरण केलंय, पण फुलं लोंबतात.

तोरणात प्रत्येक चौकोन वरच्या कडेवरच टांगलेला असतो आणि फुलाचा सगळा भार समोर येतो. वरच्या कडेला मुक्या खांबांच्या दोन घट्ट फेऱ्या करा आणि त्यात बांबूची बारीक काडी किंवा जाड सुतळी घाला. मागून खादी किंवा मांजरपाटाची पट्टी लावली तर आणखी चांगलं.

खळ द्यायचीच असेल तर पातळ साबुदाण्याची द्या, मागच्या बाजूनं, ब्रशनं. फुलाला नको, पाकळ्या चिकटून दबतात. खळ दिलेली वस्तू ट्रंकेत ठेवू नका, झुरळं आणि कसर तीच आधी शोधतात. लग्न झालं, रुखवत आवरलं, की धुऊन खळ काढून मगच ठेवा.

१८. आमच्याकडं बोअरचं पाणी. धुतल्यावर फुलांवर पांढरं बसतं.

ते पाण्यातले क्षार आणि साबणाचा साका. उठावदार विणीत तो जास्त दिसतो, कारण पॉपकॉर्नच्या पोटात पाणी अडकतं आणि तिथंच वाळतं. वडीचा साबण वापरू नका, जड पाण्यात त्याचाच साका होतो. सौम्य लिक्विड डिटर्जंट घ्या. शेवटचं खळबळणं पावसाच्या साठवलेल्या पाण्यात किंवा पिण्याच्या पाण्यात करा, त्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर. कुशनच्या दोन खोळींना अर्धी बादली पुरते. आणि आरओ मशीनचं बाजूला पडणारं पाणी यासाठी वापरू नका. उन्हाळ्यात ते आपण सगळेच जपून ठेवतो, पण त्यात क्षार उलट जास्त असतात.

पिळू नका. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवं वाळवा, पाकळ्या ओल्या असतानाच बोटांनी उभ्या करा. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री टेकवू नका. उष्णतेनं ते कायमचं लुळं पडतं आणि फूल परत उठत नाही.

लाल दोरा पांढऱ्याशेजारी घेण्याआधी त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. रंग सुटला तर तो दोरा या कामाला नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून पक्का होईल या भरवशावर राहू नका.

१९. टोकं सुटतात. गाठ मारून कापली तरी.

गाठीचाच दोष. टोक बोटभर नाही, वीतभर ठेवा. बोथट सुईत ओवून मागच्या बाजूला एकीकडं न्या, एक तंतू सोडून परत फिरवा, मग तिसऱ्या दिशेला. रिंगचं टोक गोल दोनदा फिरवायचं. टोकं दर चौकोनाला लगेच आवरा. दोनशे चौकोनांची टोकं शेवटी आवरायला बसलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांची समजूत काढणं अवघड असतं.

२०. मे महिन्यात हाताला घाम येतो, दोरा सरकतच नाही.

पहाटे किंवा रात्री विणा, दुपारी नाही. अ‍ॅल्युमिनियमची सुई घामानं चिकटते आणि फिकट दोऱ्यावर काळपट डाग पाडू शकते. त्या दिवसांत स्टीलची किंवा रबरी मुठीची घ्या. पांढरं काम मांडीवर पांढरं फडकं टाकून करा. टाल्कम पावडर लावू नका, ती दोऱ्यात बसते.

२१. मी डावखुरी आहे.

कृती तीच, फेरी उलट दिशेनं जाईल. व्हिडिओ मोबाइलमध्ये आडवा उलटवून बघा. तक्ता उजवीकडून न वाचता डावीकडून वाचा. गटात काम असेल तर डाव्या हाताचे चौकोन विखरून लावा. पिळाची दिशा उलटी असते, एका ओळीत आले तर दिसतं.

२२. विकायचं म्हटलं तर एका चौकोनाचे किती घ्यावेत?

दोऱ्याची किंमत वजनावरून काढा (१६ बघा). मग घड्याळ लावून एक चौकोन करा, टोकं आवरण्यासकट. तुमच्या एका तासाचे पैसे तुम्हीच ठरवा, पण गावातल्या निंदणी-खुरपणीच्या रोजापेक्षा कमी ठरवू नका. जोडणीचा वेळ वेगळा धरा. येणारा आकडा मोठा वाटतो, कारण तो खरा असतो. असे चौकोन विणणारं मशीन अजून बाजारात आलेलं नाही; बाजारातला स्वस्त चौकोनही कुणाच्या तरी हातचाच आहे, तिला कमी मिळालेत एवढंच. 'दोऱ्याचे पैसे देते, करून दे' म्हणणाऱ्या नातेवाइकांना सुई भेट द्या आणि ५ वाचायला पाठवा.

२३. पोळ्याला बैलासाठी फुलांच्या चौकोनांची झूल करता येईल का?

येते, आणि दिसते फार झोकात. दोरा अ‍ॅक्रिलिकच घ्या. कॉटन घामानं आणि पावसानं जड होतं आणि भाद्रपद लागला तरी वाळत नाही. पॉपकॉर्नऐवजी पफ करा, पोकळ पॉपकॉर्नमध्ये जोडीदार बैलाचं शिंग अडकतं. थरांच्या पाकळ्या तर नकोच. खालून जुन्या धोतराचं किंवा मांजरपाटाचं अस्तर लावा, नाहीतर विणीच्या जागांतून केस गुंततात. कडेला पितळी घुंगरू लावायचे असतील तर ते अस्तराला शिवा, विणीला नाही.

माप बैलाचं घ्या, मागच्या वर्षीच्या झुलीचं नको. ९० बाय १२० सें.मी.ला १५ सें.मी.चे ६ गुणिले ८, असे ४८ चौकोन लागतात, आणि बैल दोन असतात. पोळा श्रावणी अमावास्येला. नागपंचमीला सुरू केलं तर एकाच बैलाची होईल, म्हणून आखाडातच सुई हातात घ्या.